वीज सरकारची, सेल कुणाचा? जिनिव्हाच्या एका निकालाबद्दल

मंडळी, कळंब्यात बसून जिनिव्हाचं काय बोलायचं, असं वाटेल. पण पीएम-कुसुममधल्या सौर पंपाला देशी सेल आणि देशी पॅनेलची अट असते. ही अट इतक्या जपून, इतक्या आडवाटेने का घालावी लागते, याचं मूळ जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाच्या १६ सप्टेंबर २०१६ च्या निकालात आहे. तो निकाल आम्हाला अर्धा पटतो, अर्धा नाही.

२०१० साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं. त्यातल्या काही प्रकल्पांना देशी सेल-मॉड्यूल वापरण्याची सक्ती होती. २०१३ मध्ये अमेरिकेने तक्रार केली. आपण म्हटलं, ही सरकारी खरेदी आहे, तिला सूट आहे. मंडळ म्हणालं, सरकार घेतं वीज, भेदभाव होतो सेलमध्ये. वस्तू दोन, म्हणून सूट नाही. म्हणजे संघाने दूध घ्यावं, पण म्हैस कुठली ते विचारू नये! शब्दाला धरून ठीक असेल, व्यवहाराला धरून नाही.

दुसरा युक्तिवाद मात्र आपलाच लंगडा होता. देशात सेल कमी बनतात म्हणजे 'तुटवडा', असं आपण मांडलं. आयात मुबलक असताना तुटवडा कसला, हा मंडळाचा प्रश्न रास्तच. शिवाय सुरुवातीला थिन फिल्मला अट लावलीच नव्हती, तेव्हा अनेकांनी तीच बाहेरून आणली. दार लावलं, खिडकी उघडी.

पण या सगळ्या वादात ज्ञानाचा प्रश्न कुणी काढलाच नाही, आणि आमची खरी तक्रार ती आहे. आपल्या उद्यमनगरात इंजिन उघडून, जोडून माणसं कारागीर झाली. सेल उघडून काही कळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली २०१२ मध्ये नॅटकोला बायरच्या कर्करोगाच्या औषधाचा सक्तीचा परवाना मिळाला, औषध स्वस्त झालं. सेलला तो उपाय फारसा चालत नाही, कारण कसब पेटंटच्या कागदात थोडं आणि कारखान्याच्या भिंतीआड जास्त असतं. भिंतीआडच्या गुपिताला ट्रिप्स कराराचं कलम ३९ संरक्षण देतं. श्रीमंत देशांनी तंत्रज्ञान द्यायला उत्तेजन द्यावं, हे कलम ६६.२ मध्ये आहे खरं, पण ते अल्पविकसित देशांपुरतं. आपण त्यात बसत नाही. मग देशी अट हाच शिकण्याचा एक मार्ग उरतो, आणि तोच बंद झाला.

गंमत पुढे आहे. अमेरिकेच्या काही राज्यांतही अशाच स्थानिक सवलती होत्या. भारताने तक्रार केली, जून २०१९ मध्ये जिंकली. अमेरिकेने अपील केलं आणि त्याच डिसेंबरात अपील मंडळच सदस्यांअभावी ठप्प झालं. जून २०२३ मध्ये दोन्ही सौर वाद आपसात मिटवले गेले. तोवर, एप्रिल २०२२ पासून, आपण आयात मॉड्यूलवर ४० आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावलेलं होतं. अट गेली, कर आला. आणि छतावर पॅनेल बसवणाऱ्याने तो भरला.

बोला, प्रश्न घेऊ.