नेमाडे यांची कादंबरीसमीक्षा : मान्यता आणि आत्मसंशय

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही पहिली कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तथापि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९० मध्ये 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी मिळाला. कादंबरीकाराला ही मान्यता इतरांच्या लेखनाच्या चिकित्सेसाठी लाभावी, ही बाब लक्षणीय आहे.

'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) व 'मोचनगड' (१८७१) या कादंबऱ्यांच्या आधारे नेमाडे मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडतात आणि पहिल्या, वास्तवाभिमुख प्रवृत्तीला अग्रस्थान देतात. 'कोसला'चे नातेही याच प्रवृत्तीशी आहे. त्यामुळे ही मांडणी म्हणजे तटस्थ इतिहास नसून स्वतःच्या लेखनासाठी पूर्वज शोधण्याचा प्रयत्न होय, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः ग्राह्यही आहे. मात्र 'कोसला'चा निवेदक पांडुरंग सांगवीकर स्वतःचे मोठेपण सातत्याने नाकारतो, हे येथे विसरता येत नाही. इतरांना लावलेली कठोर कसोटी नेमाडे आपल्या नायकालाही लावतात. 'झूल' (१९७९) नंतर 'हिंदू' (२०१०) येईपर्यंत एकतीस वर्षे लोटली. २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यानंतरचा.

सारांश, नेमाडे यांची समीक्षा अंतिम निवाडा म्हणून नव्हे, तर कादंबरीकाराने स्वतःच्याच लेखनाला विचारलेला जाब म्हणून वाचणे अधिक न्याय्य ठरते.