खोटा घाट आणि खरा तट

टीव्हीवरचे वेस्टर्न कुठे चित्रित झाले, हा विषय चिंचवडात कशाला, असं काहींना वाटेल. सांगतो.

‘गनस्मोक’ ही अमेरिकन मालिका १९५५ ते १९७५, वीस वर्षं चालली. कथा कॅन्ससमधल्या डॉज सिटीची, चित्रीकरण बहुतेक कॅलिफोर्नियात. ‘बोनान्झा’ची गंमत याहून मोठी. कथेतलं घर नेवाडात, टाहो सरोवरापाशी; प्रत्यक्षात तो हॉलिवूडच्या स्टुडिओतला सेट. लोक ते घर शोधत सरोवरावर येऊ लागले. मग १९६७ मध्ये तिथं तसंच घर बांधून पर्यटकांना खुलं केलं. म्हणजे नक्कल आधी, अस्सल मागाहून!

आपल्याकडे वाईचं पाहा. ‘गंगाजल’मधलं बिहारचं तेजपूर वाईत उभं राहिलं. ‘स्वदेस’मधलं उत्तर प्रदेशातलं गाव तिथलंच, घाट मेणवलीचा, नदी कृष्णा. ही फसवणूक आहे का? मला नाही वाटत. तेजपूर कल्पित आहे. कल्पित गावाला सातबारा नसतो. तिथं प्रश्न एवढाच, की माणसं त्या जागेत राहतात की नुसती तिच्यासमोर उभी असतात.

पण घटना खरी असेल तर? मग जागा ही नेपथ्य राहत नाही, ती साक्षीदार होते. २००८ मध्ये सुरू झालेली ‘राजा शिवछत्रपती’ मालिका नितीन देसाईंच्या कर्जतच्या स्टुडिओत घडली. त्यांची कला थोरच. तरी सेटची एक खोड असते: त्याला भव्य दिसायचं असतं. आता चाकणचा संग्रामदुर्ग घ्या. १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी ५६ दिवस झुंजवलं. शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला. त्या लढ्याचं मर्म कशात? किल्ला भुईकोट आहे, यात. ना कडा, ना उंची; खंदक, तट आणि माणसं, बस्स. तो डोंगरावर भव्य करून दाखवलात, तर पराक्रम मोठा होत नाही, उलट लहान होतो. कारण मग काम कड्यानं केलं, असं वाटतं.

आज त्या जागी कॅमेरा लावणं अवघड आहे. भोवती घरं, तारा, पलीकडे कारखाने नि ट्रकांची रांग. त्याबद्दल तक्रार नाही. याच पट्ट्यानं आपल्याला पोसलं. पण इथं बसलेल्यांपैकी कितीतरी जण रोज चाकणला कामाला जातात. त्यांच्यातल्या किती जणांनी तो तट पाहिलाय? पडद्यावरचे किल्ले मात्र सगळ्यांना पाठ.

माझा आक्षेप सेटवर नाहीच. सेट पाहून आपली भूक भागते आणि खऱ्या तटाचा दगड ढासळला तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही, यावर आहे. टाहोला निदान नवं घर बांधता आलं. संग्रामदुर्ग पुन्हा बांधला, तर तोही सेटच होईल.

तेव्हा एखाद्या गुरुवारी, सुट्टीला, मुलांना घेऊन तिथं जा. फार काही उरलेलं नाही. जमीन किती सपाट आहे, एवढं त्यांना दाखवा. ते कळलं की ५६ दिवस म्हणजे काय, हे सांगावं लागणार नाही.