'आगकाड्यांची मौज' : दोन चित्रांमध्ये काय दडले?

दादासाहेब फाळके यांचा 'आगकाड्यांची मौज' (1915) हा विनोदी लघुपट आज उपलब्ध नाही. त्यातला विनोद कितपत साधला होता, यावर म्हणूनच आम्ही निकाल देणार नाही. तंत्राचे मोल मात्र जोखता येते. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. सेकंदाला 16 चित्रे धरली, तर एका मिनिटाला 960 लागतात! फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 मध्येच काड्या अशा नाचवल्या होत्या.

'राजा हरिश्चंद्र' (1913) येण्यापूर्वी फाळक्यांनी 'अंकुराची वाढ'मध्ये वाटाण्याचे रोप असेच थांबत थांबत टिपले होते. तेथे दोन चित्रांमधला वेळ गाळला आहे, येथे माणसाचा हात. पहिले सत्य दाखवते, दुसरे भास. तरी वर्गासाठी आम्हाला दुसरेच अधिक मोलाचे वाटते. निर्जीव काडी नाचणे अशक्य, हे मुलाला ठाऊक असते, म्हणून हसता हसता ते विचारते, "हे केले कसे?" राजापेठेतल्या कोणत्याही शाळेत वहीच्या कोपऱ्यांवर काड्या काढून पाने भराभर उलटली, की उत्तर हाती येते. मग प्रत्येक चित्रफितीला तोच प्रश्न विचारावा : मधले काय गाळले आहे?