स्त्री-अभ्यास : स्वतंत्र कप्पा की वाचनदृष्टी?

विद्यापीठीय स्त्री-अभ्यासाची प्रेरणा स्त्रीचळवळीतली आहे. भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीचा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा अहवाल १९७४ साली सादर झाला. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात ह्या विषयाचे संशोधन केंद्र सुरू झाले. १९८१ मध्ये तेथेच पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद भरली. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ चे. ज्ञानव्यवहारात स्त्रियांविषयीच्या माहितीची भर घालणे एवढेच ह्या शाखेचे उद्दिष्ट नव्हते. त्या व्यवहाराची गृहीतके तपासणे, हे तिचे मूळ प्रयोजन होते. मराठी साहित्याच्या अध्यापनात हे प्रयोजन कितपत उतरले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

ताराबाई शिंदे ह्यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' ह्या पुस्तकाचे उदाहरण ह्या संदर्भात उद्बोधक आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या विधवेवरील अर्भकहत्येच्या खटल्यानंतर वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे दोषारोप झाले, त्यांना उत्तर म्हणून ते १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोतीराव फुले ह्यांनी 'सत्सारा'च्या दुसऱ्या अंकात त्याची पाठराखण केली. पुढे मात्र ते विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. आज ते स्त्रीवादी विचाराचा आद्य ग्रंथ म्हणून शिकवले जाते. हा गौरव यथार्थ आहे. परंतु त्यातच एक उणीवही दडलेली आहे.

'स्त्रीपुरुषतुलना' हा मुळात निबंध आहे. प्रतिपक्षाला थेट संबोधणे, प्रश्नांची सरबत्ती करणे, बोलीतील धारदार उपहास योजणे आणि आरोपकर्त्याचा आरोप त्याच्यावरच उलटवणे, ही त्याची वादपद्धती. १८७४ पासून निघालेल्या 'निबंधमाले'च्या पाठोपाठ अवघ्या काही वर्षांत हे गद्य अवतरले. असे असूनही मराठी निबंधाचा इतिहास चिपळूणकर-आगरकर ह्या परंपरेतच सांगितला जातो आणि ताराबाईंचा विचार 'स्त्रीसाहित्य' ह्या अभ्यासपत्रिकेकडे सोपवला जातो. परिणामी एकीकडे आशय अभ्यासला जातो, दुसरीकडे शैली. आणि निबंधाची प्रचलित व्याख्या मात्र अबाधित राहते.

बेबी कांबळे ह्यांच्या 'जिणं आमुचं' ह्या आत्मकथनाने ही अडचण अधिकच गुंतागुंतीची होते. त्याला दलित साहित्यात स्थान द्यावे की स्त्रियांच्या आत्मचरित्रांत, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या वर्गीकरणातून निर्माण झालेला आहे, कृतीतून नव्हे. ह्या कथनातील 'मी' सतत 'आम्ही'मध्ये विस्तारत जातो; वस्तीचा इतिहास आणि घरातील स्त्रीचे शोषण तेथे एकाच सूत्रात गुंफलेले आहेत. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' ह्या ग्रंथातून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचे कर्तृत्व नोंदवले. शर्मिला रेगे ह्यांनी १९९८ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात एकसंध 'स्त्री' ह्या कोटीलाच आव्हान दिले आणि दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली. ह्या मांडणीचा आशय केवळ समाजशास्त्रीय नाही. कोणत्या साहित्यकृती एकत्र वाचाव्यात आणि कोणत्या निकषांवर, हा वाङ्मयीन प्रश्नही तिच्यात अनुस्यूत आहे.

स्वतंत्र अभ्यासपत्रिका नसेल, तर हा विषय मुख्य प्रवाहात विरघळून जाईल, असा आक्षेप ह्यावर घेतला जाईल, आणि तो निराधार नाही. विस्मृत ग्रंथ शोधणे, जपणे आणि त्यांना वाचक मिळवून देणे ह्यांसाठी स्वतंत्र केंद्राची गरज आहेच. तथापि मुख्य प्रवाहात सामावून घेणे आणि मुख्य प्रवाहाची पुनर्रचना करणे, ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत ताराबाईंना निबंधकारांच्या यादीत अखेरचे स्थान मिळेल. दुसरीत त्यांच्या गद्याच्या कसोटीवर चिपळूणकरांचा निबंधही नव्याने वाचावा लागेल, आणि तो कोणाला उद्देशून बोलतो, कोणाला गृहीत धरतो, हे विचारावे लागेल. स्त्री-अभ्यासाचे यश केवळ त्याच्या स्वतःच्या अभ्यासपत्रिकेवरून ठरणार नाही. शेजारच्या अभ्यासपत्रिकांत त्याने कोणता बदल घडवला, ह्यावरूनही ते ठरेल.