बावीस सप्तमांश वजा पाय

लोणी काळभोरला एमआयटी-एडीटी विद्यापीठ आहे. तिथे काय किंवा पुण्यातल्या इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांत काय, ‘एम-टू’ची, म्हणजे अभियांत्रिकी गणिताच्या दुसऱ्या पेपरची, धास्ती सारखीच असते. कलनाच्या या दुसऱ्या टप्प्याला आधीचं काय पक्कं लागतं? यादी देण्याऐवजी मी एकच गणित पुढे ठेवतो.

क्ष⁴(१ − क्ष)⁴ ला (१ + क्ष²) ने भागायचं आणि ० ते १ या मर्यादांत इंटिग्रेशन करायचं. डी. पी. डाल्झेल यांनी १९४४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. १९६८ च्या पुटनम गणित स्पर्धेत आणि २०१० च्या आयआयटी-जेईईतही ते विचारलं गेलं. उत्तर येतं २२/७ − पाय.

डेरिव्हेटिव्ह काढताना नियम हात धरून नेतो. इंटिग्रेशनमध्ये आधी समोरच्या पदावलीचं रूप ओळखावं लागतं. इथे अंशाचा घात ८, छेदाचा २. अंश मोठा आहे हे ज्याला दिसलं, तो सबस्टिट्यूशनच्या मागे न लागता सरळ भागाकार करतो. कंस सोडवला की क्ष⁸ − ४क्ष⁷ + ६क्ष⁶ − ४क्ष⁵ + क्ष⁴. नववीत शिकलेला बहुपदींचा भागाकार इथे उपयोगी पडतो: क्ष⁶ − ४क्ष⁵ + ५क्ष⁴ − ४क्ष² + ४, आणि बाकी −४.

या बाकीपाशी थांबावं, कारण सगळी खुमारी तिच्यात आहे. बाकीत क्ष उरलाच नाही. घात ४ ऐवजी २ घेतले असते तर बाकी २क्ष आली असती, इंटिग्रेशनमधून २ चा नैसर्गिक लॉग निघाला असता आणि पाय कुठेच दिसला नसता. ४ या घाताने लॉगची वाट बंद केली आणि टॅन इनव्हर्सची उघडी ठेवली. ४५ अंशांचा टॅन १ असतो हे ज्याला पाठ आहे, त्याला ४ गुणिले पाय भागिले ४, म्हणजे नुसता पाय, लगेच दिसतो.

उरलेली पदं एकेक करून: १/७ − २/३ + १ − ४/३ + ४. दोन ऋण अपूर्णांक मिळून पुरे २ होतात, आणि ३ पूर्णांक १/७ उरतो. शाळेपासून ओळखीचा २२/७ असा अवचित समोर येतो.

पण खरी उंची पुढे आहे. ० आणि १ च्या मध्ये अंश धन, छेदही धन, म्हणून उत्तर धनच. म्हणजे २२/७ हा पायपेक्षा मोठा, हे एका चिन्हाच्या विचाराने सिद्ध झालं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) ३९२७/१२५० हे गुणोत्तर सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल, व्यवहाराला पुरेसं म्हटलं आहे. स्थूल म्हणजे किती? छेद १ ते २ च्या दरम्यान आहे आणि नुसत्या अंशाचं इंटिग्रेशन १/६३० येतं. म्हणून २२/७ आणि पाय यांच्यातला फरक १/१२६० हून जास्त आणि १/६३० हून कमी. कॅल्क्युलेटरला हात न लावता पाय दोन अपूर्णांकांच्या कैचीत सापडला.

या गणितात लागलं काय? द्विपद विस्तार, भागाकार, अपूर्णांकांची बेरीज, त्रिकोणमितीतली एक किंमत आणि असमानतेची जाण. ही कौशल्यं पूर्वतयारी म्हणून उरकून टाकायची नाहीत; गणिताचं सौंदर्य त्यांच्यामुळेच हाती लागतं. एम-टूला बसणाऱ्याने सूत्रांची वही नंतर उघडली तरी चालेल. आधी भागाकार बाकीपर्यंत नेता यायला हवा आणि त्या बाकीकडे बघून पुढे काय येणार, हे सांगता यायला हवं.