चार दरवाजे, वीस मिनिटं

मी नाशिकची. जन्म इथला, शाळा-कॉलेज इथलं. तरी 'नाशिक दर्शन'च्या गाडीत पहिल्यांदा बसले ती वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, परभणीहून आलेल्या मावशीला सोबत म्हणून. आपल्याच गावाची सहल आपण कधी करत नाही. पाहुणे आले की रिक्षावाल्याशी भाव ठरवून देतो आणि सुटतो.

सकाळी साडेसातला सीबीएसजवळून टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. पंचवटी, तपोवन, मुक्तिधाम, पांडवलेणी आणि शेवटी त्र्यंबकेश्वर, असा दिवसभराचा बेत. ड्रायव्हरशेजारी माइक घेऊन बसलेला माणूस आमचा गाइड. चाळिशीचा, आवाज खणखणीत, मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत सहज ये-जा करणारा. मी एरवी नाटकांवर लिहिते. तासाभरात लक्षात आलं, की हाही एक प्रयोगच आहे. संहिता ठरलेली, टाळीच्या जागा ठरलेल्या आणि प्रेक्षक रोज नवे. मग त्याची समीक्षा का करू नये?

आधी जमेची बाजू. गाइडला गोष्ट सांगता येत होती. कपालेश्वराच्या देवळात शंकरासमोर नंदी का नाही, हे त्याने कीर्तनकारासारखं रंगवलं. नारोशंकराच्या देवळाची घंटा दाखवताना वसईची मोहीम, १७३९ चा चिमाजी अप्पांचा विजय आणि तिथून आलेली पोर्तुगीज घंटा हे सगळं त्याने दोन मिनिटांत बसवलं. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर नाशिककर गोदेचा पूर मोजतात, हे ऐकून जळगावच्या कुटुंबातली दोन्ही पोरं फोन खाली ठेवून खिडकीला चिकटली. हे सोपं काम नाही. मला वर्गात बसून नाशिकचा इतिहास कुणी इतका रंगवून सांगितला नव्हता.

मग अडलं कुठे? काळाराम मंदिरात.

"वीस मिनिटं," तो म्हणाला. "सरदार ओढेकरांनी बांधलेलं मंदिर. काळा पाषाण. चार दिशांना चार दरवाजे, मोजून घ्या." आम्ही मोजले. लोकांनी फोटो काढले. गाडी पुढे निघाली.

त्याच दरवाजांची दुसरी गोष्ट त्याने सांगितली नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या देवळापाशी आली. मागणी एकच होती: रामाचं दर्शन. दरवाजे बंद करण्यात आले. मग सत्याग्रही त्या दरवाजांसमोर बसले, पुरुषांबरोबर बायकाही. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, देऊळ उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. देशाच्या इतिहासाला वळण देणारी ही घटना आम्ही उभ्या होतो त्या पायऱ्यांपाशी सुरू झाली होती. आम्हाला मात्र दरवाजे मोजायला सांगितले गेले.

मला राम-सीतेच्या कथा सांगण्याबद्दल तक्रार नाही. पंचवटीत ती गोष्ट नाही सांगायची तर कुठे? मावशी सीता गुंफेच्या अरुंद पायऱ्या वाकून उतरली आणि वर आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिचा तो अनुभव खरा होता. माझी तक्रार अशी, की या सहलीत प्रत्येक जागेला एकच गोष्ट मिळते, आणि ती बहुतेक वेळा वनवासाच्या चौदा वर्षांत जाऊन बसते. मग त्या गोष्टीत न मावणारी माणसं गाडीबाहेर राहतात.

पांडवलेण्यांपाशी हे आणखी स्पष्ट झालं. "पांडव वनवासात इथे राहिले. वर चढायचंय त्यांनी चढा, बाकीचे खाली फाळके स्मारक बघा. चाळीस मिनिटं." निम्मी गाडी खालीच थांबली. आम्ही दोघी गुडघे सांभाळत चढलो.

वर चोवीस बौद्ध लेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी संबंध फक्त नावापुरता. लेण्यांतल्या लेखांमध्ये या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. एका आईने आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती दगडात कोरून ठेवली आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरच्या एका लेखात नाशिककरांचाच उल्लेख सापडतो. म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीही आम्ही 'नाशिकचे' होतो.

दहा नंबरच्या लेण्यात मी मावशीला उषवदाताचा लेख दाखवला. हा नहपान राजाचा जावई. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव ठेवली, आणि ठेवली कुठे, तर जवळच्या गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणींमध्ये. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या पहिल्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवून नोंदवलं होतं.

मावशी दहा वर्षं बचत गटाचा हिशोब सांभाळते. तिने बोटांवर मोजलं. "दोन हजारांवर महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा. बरोबर आहे ग!" मग जरा थांबून म्हणाली, "आमच्या गटात तर दोन टक्के लावतात."

दिवसभरात तिने विचारपूस केलेली ही पहिली जागा. गोवर्धन कुठे आलं, विणकर कोणते, मुद्दल बुडालं तर काय करायचे. सहलीची संहिता लिहिणाऱ्याला वाटतं, लोकांना चमत्कारच हवा असतो, व्याजाचा दर कोण ऐकणार? मावशीने ऐकला.

त्र्यंबकच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मी गाइडला गाठलं. १९३० चं तुम्हाला माहीत नाही का, असं विचारलं. माझ्या आवाजात थोडा शिष्टपणा असणार. तो हसला. "ताई, माहीत आहे हो. नाशिकचाच आहे मी. पण गाडीत कोण बसलंय ते बघून बोलावं लागतं. एकदा सांगितलं होतं. एक पाहुणे म्हणाले, आम्ही देवदर्शनाला आलोय, भाषणाला नाही. खाली उतरून मालकाला फोन केला त्यांनी."

माझी अर्धी समीक्षा तिथेच मोडली. मी गाइडच्या अज्ञानावर लिहिणार होते. त्याला अज्ञान नव्हतंच. त्याची संहिता गाडीतल्या सीटांवर बसलेल्या आम्हीच काटछाट करून ठेवली होती. नाटकात याला प्रेक्षकशरण होणं म्हणतात, आणि दोष नेहमी नटाला देतात.

आता २०२६-२७ चा सिंहस्थ आलाय. रामकुंडावर लाखो लोक येतील, अशा शेकडो गाड्या भरतील. मी कुणाला नवी संहिता लिहून देऊ शकत नाही. तुम्हाला एवढंच सुचवते: गाडीत बसलात तर काळारामाच्या दरवाजापाशी गाइडला विचारा, "हे बंद कधी झाले होते?" प्रवाशाने विचारलं की त्याला उत्तर द्यायला हरकत नसते. मालकाला फोन करायला तेवढं एक कारण कमी.

परतीच्या वाटेवर अंधार झाला होता. मागच्या सीटवर मावशी फोनवर परभणीशी बोलत होती. दर्शन छान झालं, गर्दी नव्हती, प्रसाद आणतेय. मग आवाज खाली करून, "अगं, ते व्याजाचं ऐक. शेकडा एकच. आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, असं दगडात लिहून ठेवलंय."