गुण मिळाले, अर्थ राहिला

स्क्रॅबलमुळे इंग्रजीच्या बोलींमधले शब्द जिवंत राहतात, असं आपण नेहमी ऐकतो. आज हा दावा जरा तपासून बघू.

सी, डब्ल्यू, एम. उच्चार 'कूम'. वेल्शमधून आलेला शब्द, अर्थ, दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या 'वेस्टर्न कूम'मध्ये तो आपल्याला भेटतो. हातात सगळी व्यंजनंच आली की खेळाडूला हा शब्द हमखास आठवतो. गुण 10. आता के, वाय, ई. स्कॉटलंडच्या बोलीत गाईगुरं. याचेही गुण 10. म्हणजे पटावर दरी काय नि गुरं काय, सारखीच!

2015 साली न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेही फ्रेंच बोलता येत नसताना. त्यांच्या स्मरणशक्तीला सलामच. पण खेळाचा स्वभाव यातून उघड होतो: त्याला स्पेलिंग लागतं, अर्थ लागत नाही.

मग बोली जपली कोणी? आमच्या मते, कोशानं. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं खेळातल्या वादांचा निवाडा चेंबर्सच्या कोशावर होई. एडिंबरात घडलेल्या या कोशात स्कॉटिश शब्दांची रेलचेल. शब्द खरा की खोटा हे बघायला पान उघडलं, की अर्थही नजरेखालून जायचा. नुसती यादी मात्र 'चालतो' किंवा 'चालत नाही' एवढंच सांगते.

यादी खुशाल पाठ करावी. पण डाव संपल्यावर एकदा कोशही उघडावा. नाहीतर शब्द उरतो आणि तो बोलणारी माणसं मात्र आपल्याला कधीच भेटत नाहीत.